भाजी-भाकरीतील सूक्ष्म खनिजे आणि आपले आरोग्य

विनयपिटकातील महावग्गात ‘भेसज्जक्खंधक’ नावाचे एक प्रकरण आहे. आजारी भिक्खूंनी कोणती औषधे घ्यावीत, याविषयीचे नियम त्यात सांगितले आहेत. हळद, आले, वाळा ही मुळे; कडुनिंब व तुळस यांची पाने; आवळा, हिरडा, बेहडा ही फळे आणि मिठाचे निरनिराळे प्रकार त्या यादीत येतात. वनस्पतीकडे आरोग्याचे साधन म्हणून पाहण्याची आपली दृष्टी किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येते.

अलीकडे या दृष्टीला बाजाराचे वळण लागले आहे. ‘वनस्पतीजन्य खनिजे’ या नावाखाली थेंब, चूर्णे आणि बाटल्या विकल्या जातात. मुलगी अशक्त दिसते, अभ्यासात तिचे लक्ष लागत नाही, म्हणून काळजीत पडलेले पालक पोटाला चिमटा काढून अशी बाटली विकत घेतात. वनस्पतींतून आपल्याला खनिजे खरोखर किती मिळतात, कशी मिळतात आणि कोठे मिळत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सूक्ष्म खनिजे म्हणजे काय?

शरीराला ज्यांची गरज अत्यल्प असते, पण ज्यांच्यावाचून चालत नाही, अशा खनिजांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. लोह, जस्त, तांबे, मँगनीज, आयोडीन, सेलेनियम ही त्यांतील प्रमुख होत. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात लोह असते ते अवघे ३ ते ४ ग्रॅम. आयोडीन तर १५ ते २० मिलिग्रॅमच असते. तरीही लोहावाचून रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, जस्तावाचून वाढ खुंटते व जखमा लवकर भरत नाहीत आणि आयोडीनवाचून गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढ नीट होत नाही.

हीच खनिजे गरजेपेक्षा फार जास्त झाली, तर अपाय करतात. उणीव आणि अतिरेक ही दोन्ही टोके टाळणारा मध्यम मार्ग येथेही हितकर आहे.

वनस्पती खनिजे निर्माण करीत नाही

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पिष्टमय पदार्थ तयार करते, अनेक जीवनसत्त्वेही तयार करते; पण खनिजाचा एक कणही ती निर्माण करू शकत नाही. जमिनीत जे आहे आणि मुळांना जे घेता येते, तेवढेच पानात व दाण्यात उतरते.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना याचा चांगला अनुभव आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते. परंतु ते मुळांना घेता येईल अशा विद्राव्य रूपात नसते. परिणामी वेलीची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग शेतकऱ्याला फेरस सल्फेटची, म्हणजे हिराकसाची, फवारणी करावी लागते. असणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या पिवळ्या पानाचा धडा मनुष्यदेहालाही तंतोतंत लागू पडतो.

ताटात आहे, पण अंगी लागत नाही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात सुमारे ४.५ मिलिग्रॅम आणि पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. हे आकडे आश्वासक वाटतात. परंतु वनस्पतीतील लोहाचा थोडाच भाग आतड्यातून रक्तात शोषला जातो. मांस व मासळीतील लोह त्या मानाने सहज शोषले जाते.

याचे एक कारण म्हणजे धान्ये व कडधान्ये यांतील फायटेट नावाचा पदार्थ. तो लोह व जस्त यांना घट्ट बांधून ठेवतो. डॉ. आनंद प्रसाद या बिहारमध्ये जन्मलेल्या वैद्यकाने १९६१ साली इराणमधील खुजट राहिलेल्या तरुणांविषयी शोधनिबंध लिहिला. हे तरुण प्रामुख्याने न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीवर जगत होते. त्यांच्या आहारात जस्त अगदीच नव्हते असे नाही. फायटेटमुळे ते अंगी लागत नव्हते. मानवी वाढीसाठी जस्त अत्यावश्यक आहे, हे जगाला पटले ते प्रसाद यांनी या तरुणांपासून सुरू केलेल्या संशोधनामुळे.

दुसरा अडथळा चहा-कॉफीतील टॅनिनसारख्या पदार्थांचा. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातील लोहाचे शोषण लक्षणीय प्रमाणात घटवतो. याउलट ‘क’ जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. भाजीवर पिळलेले लिंबू किंवा जेवणासोबत खाल्लेला पेरू हा म्हणूनच केवळ चवीचा भाग नाही. कडधान्यांना मोड आणणे आणि पीठ आंबवणे या क्रियांनी फायटेट कमी होते. मटकीची उसळ आणि आंबील करणाऱ्या आपल्या आजीला फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण कृती ठाऊक होती.

निवासी शाळांतील भाकरीचा प्रयोग

रोजच्या भाकरीतून खरोखर फरक पडतो का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मिळाले आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संशोधन संस्थेने अधिक लोह असलेले बाजरीचे वाण विकसित केले. ‘धनशक्ती’ या नावाने ते २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले.

अशाच लोहसमृद्ध बाजरीची परीक्षा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निवासी शाळांमध्ये घेण्यात आली. १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ विद्यार्थ्यांचे गट पाडून काहींना लोहसमृद्ध बाजरीची, तर काहींना नेहमीच्या बाजरीची भाकरी दिवसातून दोन वेळा देण्यात आली. चार महिन्यांनंतर लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाचा साठा अधिक वाढलेला आढळला. ज्यांच्यात आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांना याचा विशेष लाभ झाला. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात अशा विद्यार्थ्यांच्या अवधानात व स्मरणशक्तीतही सुधारणा नोंदवली गेली.

निवासी शाळा चालवणाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध मोठा आहे. वसतिगृहाचे स्वयंपाकघर हे शाळेच्या अध्यापनाचाच एक भाग आहे. वर्गात न लागणारे लक्ष ही प्रत्येक वेळी आळसाची खूण नसते. कधी ती रक्तातील उणीव असते.

ही उणीव किती व्यापक आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) दाखवले. महाराष्ट्रात १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गरीब घरांत सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असते. त्यामुळे हा प्रश्न आहाराचा आहे तितकाच समतेचाही आहे.

वनस्पती जेथे अपुऱ्या पडतात

जमिनीत जे नाही ते पानात येणार नाही. आयोडीनचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते, हे सिद्ध झाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज घरी येणाऱ्या मिठात आयोडीनचे प्रमाण दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे लागते. आयोडीनसाठी आपला भरवसा पाल्यावर नव्हे, तर या मिठावरच असला पाहिजे.

कोबाल्ट हे खनिज आपल्याला बी-१२ जीवनसत्त्वाच्या रूपात लागते आणि भाज्या-धान्यांतून ते मिळत नाही. शाकाहारी विद्यार्थ्याला दूध, दही किंवा ताक मिळणे म्हणूनच आवश्यक आहे; जे अंडी खातात त्यांना ती द्यावीत.

रक्तक्षय झालेला असेल, तर केवळ पालेभाजीने तो लवकर भरून निघत नाही. शाळांतून १० ते १९ वर्षे वयोगटाला दर आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी तसेच वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळी मुलांनी टाळू नये. पोटात जंत असतील तर उत्तम आहारही वाया जातो.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

मुळे लोह घेतात, तशीच शिसे आणि कॅडमियमही घेऊ शकतात. नाल्याच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली भाजी कितीही हिरवीगार दिसली, तरी वर्ज्य मानावी. अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांनी भाजी कोठून येते, हे विचारण्याची सवय ठेवावी. औषधांच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. यावरून संपूर्ण आयुर्वेदाला दोष देणे योग्य नव्हे. परंतु ज्या बाटलीवर घटक व त्यांचे प्रमाण लिहिलेले नाही, ती मुलांच्या हाती देऊ नये.

स्वयंपाकघरात करता येण्याजोगे

यासाठी खर्चिक काही करावे लागत नाही. आठवड्यातून काही दिवस बाजरी किंवा नाचणीची भाकरी असावी. मटकी, हरभरा, मूग यांना मोड आणावेत. शेवग्याचा पाला, माठ, चवळई आणि पावसाळ्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतून येणाऱ्या कुर्डू, टाकळा, करटोली यांसारख्या रानभाज्या, जाणत्या व्यक्तीकडून ओळख पटवून, आहारात आणाव्यात. भाजी लोखंडी कढईत शिजवावी. आंबट पदार्थ घातल्यास कढईतील लोह अधिक प्रमाणात अन्नात उतरते. ताटात लिंबाची फोड असावी. चहा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावा.

मुले सुटीत घरी जातात, तेव्हा या सवयीही त्यांच्याबरोबर घरी जातात. निवासी शाळेत शिकलेली मुलगी उद्या आपल्या घरातील आईला ‘तूही आमच्याबरोबर जेवायला बस’ असे सांगू लागली, तर ते शिक्षण पाठ्यपुस्तकातील धड्याइतकेच मोलाचे ठरेल.