सही घेतली, पण समजावलं का?

शाळेत सहलीचा फॉर्म दिला की बरेच पालक न वाचताच सही करतात. आम्हीही तो घेऊन फाइलला लावतो, खोटं कशाला बोलू! पण आजारी माणसावरच्या संशोधनात अशी रजामंदी चालेल का?

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८०च्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर एक अभ्यास सुरू झाला. आधी इंजेक्शनने आजार आटोक्यात आणायचा, मग औषध थांबवून पाहायचं. हेतू वाईट नव्हता. या औषधांनी हात थरथरतात, अंग जड होतं. औषधाविना कोण राहू शकेल हे कळलं तर रुग्णाचाच फायदा. पण काहींचा आजार फार वाईट उलटला. अभ्यासात सहभागी झालेल्या एका तरुणाने १९९१ मध्ये आत्महत्या केली. घरच्यांच्या तक्रारींनंतर सरकारी चौकशी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला, की आजार उलटण्याचा धोका आणि नेहमीच्या उपचारापेक्षा इथे वेगळं काय होणार, हे संमतीपत्रात नीट सांगितलेलंच नव्हतं.

माझ्या मते चूक औषध थांबवण्यात नव्हती, न सांगण्यात होती. रुग्णाला वाटतं, डॉक्टरसाहेब करतात ते माझ्या भल्यासाठीच. संशोधनात ते दरवेळी खरं नसतं.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा संशोधनासाठी रुग्णाची स्वखुशीने, समजून दिलेली संमती लागते. ती केव्हाही मागे घेता येते. तुमच्या घरात कुणाला विचारणा झालीच, तर सहीआधी एवढं विचारा: औषध थांबल्यावर भास परत सुरू झाले, तर रात्री फोन कुणाला करायचा आणि औषध पुन्हा कोण सुरू करणार?