मन थाऱ्यावर आणायचं कसं? हरिपाठ, श्वास आणि १४४१६

बीड : पाऊस लांबला, सोयाबीनचा भाव पडला, बँकेची नोटीस आली की पहिली जाते ती झोप. माणूस बाजेवर पडतो, पण डोक्यातला हिशेब चालूच राहतो. मग हात मोबाईलकडे जातो. रील बघता बघता बारा वाजतात आणि सकाळी अंग जड. मी स्वतः शेती करतो, त्यामुळं हे ऐकीव नाही.

मन शांत करणं म्हणजे कामधंदा सोडून बसणं नव्हे. आपल्याकडं याची सोय जुनीच आहे. संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो. टाळाच्या ठेक्यात एकेक चरण म्हणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. मोठा माणूस साधारण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तर तो मिनिटाला सहाच्या आसपास भरला. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. म्हणून श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधड उतरते.

देवळात जाणं होत नसेल तर बांधावर, लिंबाखाली बसा. मोबाईल लांब ठेवा. नाकानं श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. मन कर्जाकडं पळालं तर रागावू नका. वासरू दावणीला आणतो तसं परत श्वासावर आणा. रोज दहा मिनिटं पुरे. यानं कर्ज फिटत नाही, पण पुढचा निर्णय घाईत होत नाही.

मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर नुसतं बसून भागणार नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. राज्य सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला बीड आहे. आशाताईंशी बोला किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडं द्या. आणि माणूस गप्प गप्प राहू लागला तर, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं असला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, तिथंच बसून १४४१६ लावा.