ठिणगी वेळेवर पडली पाहिजे!

वडिलांची जुनी बुलेट अजूनही पुष्कळ घरांच्या जिन्याखाली उभी असते. एके काळी घाट लीलया चढणारी ही गाडी आता दहा किका मारल्यावर एकदा खोकते, चढावर धापा टाकते आणि मध्येच ‘फट्’ करून गप्प बसते. मग घरात निकाल लागतो : ‘इंजिन म्हातारे झाले.’ कुणी बोअर-पिस्टनचा मोठा खर्च सांगतो, कुणी भंगारवाल्याचे नाव सुचवतो. पण वाचकहो, निकाल देण्यापूर्वी एका चिमुकल्या आरोपीची जबानी घेतली पाहिजे. त्याचे नाव कॉन्टॅक्ट ब्रेकर. मिस्त्री लोकांच्या भाषेत नुसते ‘पॉइंट’!

अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी बॅटरी-कॉइलची ही पद्धत रूढ केली. मद्रासेत 1955 साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या कॉइलवाल्या बुलेटचे तंत्र तेच. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो आणि कॉइलच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंटवरच ठिणगी उडून ते जळू नयेत, प्रवाह झटकन तुटावा, हे काम कंडेन्सरचे. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हा सारा खेळ सेकंदाला 25 वेळा चालतो!

पेट्रोल-हवेचे मिश्रण जळायला क्षणाचा काही अंश लागतोच. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली, तर किक उलटून घोट्यावर बसते. उशिरा पडली, तर इंजिन तापते आणि ताकद जाते. आता गंमत पाहा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून हळूहळू झिजते. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. गाडी ‘म्हातारी’ होण्यामागे बऱ्याचदा ही नखाएवढी टाच असते.

उपाय सोपा आहे, मात्र क्रम चुकता कामा नये. आधी पॉइंट स्वच्छ, तेलविरहित करावेत. जळून खड्डे पडले असतील, तर बदलावेत आणि कंडेन्सरही तपासावा. मग कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी. टायमिंग त्यानंतरच, कारण फट हलली की टायमिंगही हलते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेऱ्यात पिस्टन माथ्याच्या किंचित अलीकडे आणावा. जुन्या 350 बुलेटसाठी हे अंतर सुमारे 0.8 मिलिमीटर, तरी आपल्या गाडीचे पुस्तक प्रमाण मानावे. नेमके त्याच ठिकाणी पॉइंट उघडू लागले पाहिजेत. ते ओळखायला पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरावा. तो अलगद सुटला की पॉइंट उघडले. चावी चालू असेल, तर अॅमीटरचा काटाही त्याच क्षणी शून्याकडे येतो.

वेग वाढेल तशी ठिणगी आपोआप पुढे नेणारी दोन वजने आत असतात. ती गंजून अडकली, तर वरचे सारे कष्ट वाया. तीही मोकळी करावीत. बॅटरीच्या आणि अर्थिंगच्या जोडण्या घासून घट्ट कराव्यात.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याचीही सोय आहे. त्यात झिजणारी टाच नाही, त्यामुळे वारंवार जुळवणी नाही. रोज कामाला जायचे असेल, तर तो बसवणे शहाणपणाचे. पण मूळचे भाग जपून ठेवावेत. मात्र दुर्बळ बॅटरीवर हा संचही रुसतो, आणि तो रस्त्यात बिघडला, तर कागदाच्या तुकड्याने दुरुस्त होत नाही. रविवारी फेरफटका मारणाऱ्याला पॉइंटच बरे.

एक फीलर गेज, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि सकाळचे दोन तास : एवढा खर्च आधी करून पाहावा. त्यानंतरही धूर निघत असेल, दाब लागत नसेल, तर खुशाल इंजिन उघडावे. पण फट न मोजताच गाडी भंगारात घालू नये.