टीसीएलमधला ‘टी’

“टाकीत टीसीएल टाकलं का?” सेनगाव असो की औंढा नागनाथ, कळमनुरी असो की वसमत, पावसाळा लागला की ग्रामपंचायतीत हा प्रश्न ठरलेला. दुकानदार पावतीवर ‘ब्लिचिंग पावडर’ लिहितो. नळाच्या पाण्याला वास आला की घरातली जुनी माणसं ‘औषध टाकलंय’ म्हणतात. दप्तरात मात्र नोंद होते ती टीसीएलची. त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारला तर कुणी ते कंपनीचं नाव असावं म्हणतो. आता त्याच नावाचे टीव्ही बाजारात आल्यामुळे त्यालाही दोष देता येत नाही.

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. यातला ‘लाइम’ म्हणजे आपला चुना. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की जी पांढरी भुकटी तयार होते, ती ही. चार्ल्स टेनंट या स्कॉटिश धुलाईवाल्याने १७९९ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ग्लासगोत कारखाना चालवला. त्याला पाणी शुद्ध करायचं नव्हतं, कापड पांढरं करायचं होतं. त्याआधी युरोपात तागाचं कापड कुरणांवर महिनोन्‌महिने उन्हात पसरून ठेवावं लागे आणि मधूनमधून आंबट ताकात भिजवावं लागे. भुकटीमुळे महिन्यांचं काम दिवसांवर आलं. पुढे व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात हीच भुकटी रोज पडू लागली. गिरणीतली वस्तू पिण्याच्या पाण्यात आली ती अशी. ‘ब्लिचिंग’ हे नाव तिच्या जुन्या धंद्याचं राहिलेलं आहे.

‘क्लोराइड’ हा शब्द जरा फसवा आहे. रसायनशास्त्रात कॅल्शियम क्लोराइड नावाचा वेगळाच क्षार असतो आणि तो जंतू मारत नाही. ब्लिचिंग पावडरचं बळ तिच्यातल्या हायपोक्लोराइटमध्ये असतं. गंमत अशी, की ऊन आणि दमट हवा लागून भुकटी खराब झाली की तिच्यात नेमकं हे निरुपयोगी कॅल्शियम क्लोराइड वाढत जातं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पोतं आणखी ओलं होतं आणि उरलासुरला क्लोरीनही निघून जातो.

म्हणून तो ‘टी’. उष्ण मुलुखांत साधी भुकटी टिकत नाही हे कळल्यावर तिच्यात कळीचा चुना मिसळायची पद्धत निघाली. कळीचा चुना ओलावा आधी स्वतः शोषून घेतो आणि भुकटी तग धरते. नावातला ‘ट्रॉपिकल’ हा साठवणुकीचा इशाराच आहे, आणि तोच अक्षराआड दडून बसला आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं टाकलेलं पोतं पावसाळ्यापर्यंत कितपत जिवंत राहणार? ताज्या, चांगल्या भुकटीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन मिळतो. तो २० टक्क्यांखाली गेला की ती वापरण्याजोगी मानत नाहीत. पांढरेपणावरून हे ओळखता येत नाही. वास येतो म्हणजे भुकटी चांगली, हा समजही अर्धवटच. वास येतो म्हणजे क्लोरीन बाहेर पडतो आहे.

विहिरीचा हिशेब शाळकरी गणिताचा आहे. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी असतं. सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकात हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली भुकटी सांगितली आहे. म्हणजे इथे सत्तरएक ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा भुकटी जुनी असेल तर जास्त लागते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची आणि तासभर थांबायचं. गाळासकट बादली ओतली तर पाण्याचा जडपणा वाढतो. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती काढली होती: आतल्या मडक्यात एक किलो भुकटी आणि दोन किलो जाड वाळू. लहान घरगुती विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरतं.

टाकलेलं टीसीएल पुरेसं होतं का, हे ‘ओटी’ने कळतं. ऑर्थोटोलिडीनचे थेंब नमुन्यात टाकले आणि पाणी पिवळं झालं, की क्लोरीन शिल्लक आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हिंगोली जिल्ह्यात पिवळा रंग शुभ निघावा हे बरंच आहे. पण हीच खूण कार्डावर उलटते. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या जलस्रोतांची पाहणी करतो. त्यात धोका कमी असेल तर हिरवं कार्ड, मध्यम असेल तर पिवळं आणि जास्त असेल तर लाल. सलग पाच वर्षं हिरवं टिकवणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड मिळतं.

करोनाच्या साथीत याच कुळातलं सोडियम हायपोक्लोराइट घराघरांत पोहोचलं. काही ठिकाणी ते माणसांवरही फवारलं गेलं, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला तसं करू नका असं सांगावं लागलं. त्यामानाने टीसीएल गावात मुकाट्याने काम करत राहिलं. पावसाळ्यानंतरच्या पाहणीत विहिरीचा कठडा, टाकीचं झाकण, गळकी वाहिनी आणि टीसीएल टाकणाऱ्या जलसुरक्षकाची वही पाहतात. त्याच फेरीत पोत्याचं तोंड बांधलेलं आहे का, ते ओलीपासून वर फळीवर ठेवलं आहे का आणि त्यावरची उत्पादनाची तारीख कोणती, हेही बघून घ्यायला दोन मिनिटं लागतात.