पर्यावरणाच्या जमाखर्चात मूल कोठे?

पावसाळा सुरू झाला की वृक्षारोपणाचे सोहळे सुरू होतात. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्र शासनाने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे जाहीर केली होती. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचे यश किती नाल्यांचे खोलीकरण झाले, किती बंधारे बांधले आणि किती पाणी अडले यावरून मोजले गेले. महालेखापालांनी २०२० मध्ये या अभियानाचा हिशेब तपासला, तेव्हा ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च होऊनही भूजलाच्या पातळीवर त्याचा फारसा परिणाम झाला नसल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणजे खड्ड्यांचा हिशेब झाला, रुपयांचा झाला, उशिरा का होईना पाण्याचाही झाला. परंतु ज्या पुढच्या पिढीच्या नावाने हे सारे कार्यक्रम चालतात, तिचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही. ही पुढची पिढी काही भविष्यकाळातली नव्हे. ती आज अंगणवाडीच्या सतरंजीवर बसलेली आहे.

पर्यावरणाच्या कार्यक्रमाचे फळ मुलाच्या पदरात किती पडले, यावरून त्या कार्यक्रमाची किंमत ठरली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. ही भावनेची मागणी नसून निखळ अर्थशास्त्रीय मागणी आहे.

भरून न येणारे नुकसान

दुष्काळात शेतकऱ्याचे पीक जाते, जनावर विकावे लागते, कर्ज होते. हे नुकसान भयंकर असले तरी दोन-तीन चांगल्या पावसाळ्यांनी ते काही अंशी भरून निघू शकते. दीड वर्षाच्या मुलाचे तसे नाही. त्या वयात खुंटलेली वाढ पुढील सुगीने परत मिळत नाही. झिंबाब्वेमधील १९८२ ते १९८४ च्या दुष्काळात सापडलेल्या ग्रामीण मुलांचा अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. ऐन बाळपणी दुष्काळाची झळ लागलेली मुले मोठेपणी उंचीने कमी राहिली आणि त्यांचे शिक्षणही कमी झाले, असे त्यांना आढळले. दुष्काळ दोन वर्षांत संपला, पण मुलांच्या शरीरात तो कायमचा राहिला.

उष्णतेचेही असेच आहे. शरीराच्या वजनाच्या मानाने लहान मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक पाणी लागते, त्याचा श्वास अधिक जलद चालतो आणि तहान लागली हे त्याला सांगताही येत नाही. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गात एप्रिलच्या दुपारी काय शिकविले जाते आणि त्यातले काय डोक्यात शिरते, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. युनिसेफच्या पाहणीनुसार एकट्या २०२४ या वर्षात हवामानाच्या आपत्तींमुळे ८५ देशांतील किमान २४.२ कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला.

या संकटातील अन्यायही स्पष्ट आहे. २०२१ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केलेल्या निर्देशांकाप्रमाणे जगातील सुमारे २२० कोटी मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले अत्यंत धोक्याच्या ३३ देशांत राहतात, आणि भारत त्यांत आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात या ३३ देशांचा एकत्रित वाटा अवघा ९ टक्के आहे. पाप एकाचे आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचे, तेही बोलता न येणाऱ्याचे, असा हा व्यवहार आहे.

व्याजदराचा खेळ

मग मुलांचा हिशेब का होत नाही? प्रकल्पांचे मूल्यमापन करताना भविष्यातील लाभ एका ठराविक दराने घटवून त्याचे आजचे मूल्य काढण्याची पद्धत आहे. तीस वर्षांनंतर मिळावयाच्या १०० रुपयांचे आजचे मूल्य दहा टक्के दराने केवळ ५ रुपये ७३ पैसे भरते. २००६ मध्ये निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात सुमारे १.४ टक्के दर धरला होता. त्या दराने याच १०० रुपयांची किंमत जवळजवळ ६६ रुपये होते. स्टर्न यांच्या दरावर विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि तो वाद अजूनही मिटलेला नाही. परंतु सामान्य वाचकाने त्यातून एवढेच ध्यानात घ्यावे की, आज सहा वर्षांच्या असलेल्या मुलीला छत्तिसाव्या वर्षी मिळणारा लाभ पावणेसहा रुपयांचा मानायचा की सहासष्ट रुपयांचा, हे गणित ठरवीत नाही, आपण ठरवितो. केवळ कोणी नंतर जन्मले म्हणून त्याचे सुख कमी लेखणे नीतीला धरून नाही, असे फ्रँक रॅम्से या तरुण इंग्रज गणितज्ञाने १९२८ सालीच म्हणून ठेवले आहे.

बाजारात मुलाची मागणी नोंदविली जात नाही, कारण त्याच्या खिशात पैसा नाही. लोकशाहीत त्याचे मत नोंदविले जात नाही, कारण त्याचे वय झालेले नाही. परिणामी योजनांच्या आराखड्यातूनही ते गळते. २००८ च्या राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखड्यात आठ अभियाने होती. सौरऊर्जा, पाणी, शेती, हिमालय, वने हे सर्व त्यांत होते, पण बालकांच्या नावाचे एकही अभियान नव्हते. हवामानासाठी असलेल्या प्रमुख आंतरराष्ट्रीय निधींतील केवळ २.४ टक्के रक्कम मुलांच्या गरजा लक्षात घेणाऱ्या कामांकडे जाते, असे २०२३ मधील एका अहवालात दिसून आले.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची, पाझर तलावांची आणि नालाबांधाची कामे निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. त्या पिढीला आजही सुकडी आठवते. दुष्काळी कामाबरोबर पोटात काहीतरी पौष्टिक गेले पाहिजे, एवढा विवेक त्या धामधुमीतही शिल्लक होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात राज्यभर पोहोचली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि तिच्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची जी कपात दिसते, तिचा उगम हा आहे.

म्हणूनच या योजनेच्या उणिवाही आपल्याच म्हणावयास हव्यात. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिलाही मजुरी द्यावी. कागदावरील ही सावली कामावर अभावानेच उतरली. दुसरी गोष्ट वेळेची. हमीची कामे प्रामुख्याने उन्हाळ्यात निघतात. पण बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती पावसाळ्यात. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याकडे निघते, तेव्हा लेकरू शाळेतून उठून कोपीवर जाते आणि परत येते ते वर्ष संपताना. उन्हाळ्यात गावात काम निघाले तरी त्या मुलाच्या बुडालेल्या सहा महिन्यांना त्याचा काय उपयोग? साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. त्यांनी काही मुले वाचविली, परंतु मूळ प्रवाह थांबला नाही.

याच मुलखात हिवरे बाजार आहे. सरासरी चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या गावाने १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी कूपनलिकांना मनाई केली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आळा घातला आणि पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची प्रथा घातली. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. या प्रयोगाचे कौतुक बहुधा पाण्याच्या पातळीसाठी होते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे खरे यश हे की, तेथे मुलाला आईबापांच्या मागे शाळा सोडून भटकावे लागत नाही.

करता येण्याजोगे

यासाठी नवे महामंडळ नको आणि नवा विभागही नको. शाळेचा हजेरीपट शिक्षकाकडे असतो, मुलांच्या वजनाची नोंद अंगणवाडीत असते, विहिरींच्या पातळीची नोंद भूजल खात्याकडे असते आणि पावसाची तहसील कचेरीत. चार कपाटांतील ही चार कागदपत्रे एका टेबलावर आणली, की कोणत्या गावाचे पाणी अडविण्याचे काम खरोखर फळले ते कळू लागेल. जानेवारी ते एप्रिल या काळात मुलींची हजेरी टिकली काय, हा बंधाऱ्याच्या लांबी-रुंदीपेक्षा अधिक प्रामाणिक निकष आहे, कारण हंडा बहुधा मुलीच्या डोक्यावर असतो. कामे मुकादमाच्या उचलीआधी मंजूर व्हावीत आणि पावसाळा ओसरताच सुरू व्हावीत. रोपे प्रथम शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आवारात लावावीत व त्यांच्या पाण्याची जबाबदारी नेमून द्यावी. पत्र्याच्या छपरांना पांढरा थर द्यावा. मे २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे छपरे थंड ठेवण्याचा कार्यक्रमही हाती घेतला. जालना किंवा चंद्रपूर या शहरांना ते अशक्य का असावे?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक, राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते, पण त्याचे खापर हवामानावर फोडता येणार नाही. हे मान्य. दारिद्र्य, मातांचा रक्तक्षय, अस्वच्छता, बालविवाह ही त्याची जुनी कारणे आहेत. परंतु भिंत आधीच ओली असताना पुराची भीती कमी होत नसते, वाढते. दुसरा आक्षेप असा की, मुलांचे प्रश्न महिला व बालविकास खात्याचे आहेत, वन किंवा जलसंधारण खात्याचे नव्हेत. नेमके येथेच पाणी मुरते. खात्यांच्या सीमा शासनाने आखल्या आहेत, मुलाला त्या ठाऊक नाहीत. त्याची तहान, त्याचा ताप आणि त्याची बुडालेली शाळा एकाच देहात असतात.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही यात वाटा आहे. पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर अभ्यासक्रमात सक्तीचा झाला, पण त्याचा प्रकल्प अद्याप कात्रणे चिकटविण्यापलीकडे फारसा गेलेला नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराने नवे खड्डे खणण्याऐवजी गेल्या वर्षीची किती रोपे जगली, अंगणवाडीपासून पिण्याचे पाणी किती अंतरावर आहे आणि दिवाळीनंतर वर्गातील किती मुले गाव सोडून गेली, एवढे मोजून ग्रामसभेपुढे ठेवले, तर त्या सात दिवसांतून गावाच्या हाती काही पडेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. त्याच्या आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने निरोगी पर्यावरण हा मुलांचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. हक्क कागदावर आले आहेत. ते गावात उतरावयाचे, तर कोणी तरी हिशेब मागितला पाहिजे. मूल तो मागू शकत नाही. व्यवसाय कर भरणारा मात्र मागू शकतो. आपल्या तालुक्यात पुढचे पर्यावरणाचे काम निघेल तेव्हा किती झाडे आणि किती बंधारे हे विचारून झाल्यावर, या कामामुळे किती मुले मार्चमध्ये शाळेत राहिली, असा एक प्रश्न आणखी विचारावा. उत्तर पहिल्या वर्षी मिळणार नाही. पण प्रश्न दरवर्षी येतो असे दिसले, की कचेरीत त्याच्यासाठी एक रकाना तयार होतो.