रॅलीच्या गाडीचे इंजिन

इंजिन जितके मोठे तितकी गाडी वेगवान, असा सर्वसाधारण समज आहे. रॅलीत तो टिकत नाही. रॅली गोल धावपट्टीवर होत नसते. वाहतुकीसाठी बंद केलेल्या साध्या, बहुधा कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी घड्याळाशी झुंजते. निर्मलजवळच्या महबूब घाटातून जाणाऱ्या वाचकांना ठाऊकच आहे, की वळणावर वेग मोडतो आणि पुढे तो पुन्हा मिळवावा लागतो. इंजिनाची परीक्षा तेथे होते.

आपल्या परिचयाची जिप्सी घेऊ. १९८५ साली ती आली तेव्हा इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे आले, शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती. २००० साली आकार तोच राहिला, पण झडपा आठाच्या सोळा झाल्या आणि कार्ब्युरेटर जाऊन इंधनाची फवारणी विद्युतयंत्रणेकडे आली. शक्ती झाली ८०! दोन लहान झडपांमधून एका मोठ्या झडपेपेक्षा अधिक हवा आत येते, हे त्यामागील एक कारण. मात्र हे इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास खरा जोर देते. चालकाने गिअर चुकवला की ते मरगळते.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड दि हिमालय’ या शर्यतीत जिप्सी वर्षानुवर्षे धावल्या. लडाखच्या काही खिंडी ५,००० मीटरहून उंच आहेत. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असते. म्हणजे ८० अश्वशक्तीचे इंजिन पन्नाशीच्या आत येते. साध्या कार्ब्युरेटरचे हाल आणखी वाईट, कारण हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. इंजिन काळा धूर ओकू लागते. फवारणीची यंत्रणा हवा मोजून पेट्रोल देते.

हवाच दाबून भरली तर? टर्बो तेच करतो. बाहेर पडणाऱ्या वायूने चक्र फिरते आणि ते आत हवा कोंबते. अडचण एवढीच, की वळणावर पाय उचलला की चक्र मंदावते आणि पुन्हा दाबल्यावर जोर क्षणभर उशिरा येतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तत्काळ साथ देतो. पण त्यासाठी इंजिनाचीच थोडी शक्ती खातो.

१९८३ च्या जागतिक स्पर्धेत या दोन विचारांचा सामना झाला. ऑडी क्वाट्रोचे पाच सिलिंडरांचे टर्बो इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे बसवलेले, चारही चाकांना जोर. पण नाक जड, त्यामुळे वळताना गाडी बाहेर जायची. लॅन्सिया ०३७ चे सुपरचार्जरचे इंजिन चालकाच्या मागे, जोर फक्त मागच्या चाकांना. निर्मात्यांचे विजेतेपद लॅन्सियाने घेतले, चालकांचे ऑडीच्या मिक्कोलाने. माझ्या मते हा निकाल अगदी न्याय्य होता.

१९८५ मध्ये लॅन्सियाने डेल्टा एस-४ मध्ये दोन्ही यंत्रे एकत्र बसवली: खालच्या फेऱ्यांना सुपरचार्जर, वरच्या फेऱ्यांना टर्बो. इंजिन केवळ १७५९ सीसीचे, कारण नियमानुसार अशा इंजिनाचा आकार १.४ ने गुणला जाई आणि २५०० च्या आत राहिल्यास गाडी हलकी ठेवता येई. त्या लहानशा इंजिनातून सुमारे पाचशे अश्वशक्ती निघे. मे १९८६ मध्ये कॉर्सिकात याच गाडीच्या अपघातात टोइवोनेन आणि त्याचा सहचालक क्रेस्टो दगावले. त्या वर्षअखेर हा ‘ब’ गट जागतिक स्पर्धेतून बाद करण्यात आला.