शिंपला जुना, जात नवी

इंदूरला समुद्र नाही हे सांगायला भूगोलाचा प्राध्यापक नको. पण येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, धार जिल्ह्यातील बाघच्या परिसरात, चुनखडकांमध्ये शिंपले सापडतात; आणि तेही नदीतले नव्हेत, समुद्रातले!

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडील समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे खडक झाले. त्यांना भूवैज्ञानिक ‘बाघ थर’ म्हणतात. पुढे त्यांवर लाव्हारस पसरला. माळव्याची काळी माती त्या लाव्हाच्या खडकाचीच. नदीनाल्यांनी हा खडक जेथे कोरून काढला, तेथे खालचा सागरतळ पुन्हा उघडा पडला आहे. कोकणात आजही मिळणाऱ्या कालवांचे दूरचे भाईबंद त्यात आहेत. शिवाय इनोसेरामससारखे कायमचे नामशेष झालेले शिंपलेही आहेत.

या थरांतील शिंपल्यांवर प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी 1939 साली निबंध प्रसिद्ध केला. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आर. एम. बडवे यांच्यासह त्यांनी हे काम चालू ठेवले.

येथे एक शंका येईल. नऊ कोटी वर्षांचा शिंपला ‘नवी जात’ कसा? उत्तर सोपे आहे. प्राणी नवा नसतो, त्याची नोंद नवी असते.

ही नोंद करणे मात्र सोपे नाही. द्विपुट प्राण्याचे मऊ शरीर कुजून जाते. उरतात त्या खुणा वाचाव्या लागतात : दोन पुटे जोडणाऱ्या बिजागरीचे दात, आतील स्नायूंचे वण, पाठीवरच्या कंगोऱ्या व वाढीच्या रेषा. कित्येकदा कवचही विरघळते आणि दगडात केवळ त्याचा आतला साचा राहतो. त्यातून कालव हा मोठा फसवा प्राणी! ज्या दगडाला तो चिकटतो त्याप्रमाणे त्याचा आकार बदलतो. म्हणून वेगळा आकार म्हणजे वेगळी जात, असे चटकन म्हणता येत नाही. लहानमोठे अनेक नमुने मांडून बघावे लागतात. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जातींशी ते ताडून पाहायचे, आणि फरक टिकला तरच वर्णन, चित्रे व दोन शब्दांचे शास्त्रीय नाव छापायचे. त्यांतील एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून नेमून संग्रहालयात जपतात. पुढे कोणालाही शंका आली, तर निवाडा त्या एका दगडाकडे.

त्या दगडाइतकीच मोलाची असते त्याच्याबरोबरची चिठ्ठी : गाव कोणते, नाला कोणता, खालून कितवा थर. ही चिठ्ठी हरवली की शिंपल्याचा काळ हरवतो, आणि तो केवळ शोभेचा दगड उरतो. सहलीला गेलेले आपण नेमके हेच करतो. सुंदर दिसला म्हणून उचलतो, खिशात टाकतो, आणि वर्षभरात तो कोठला हेही विसरतो.

बाघच्या परिसरातील काही भाग आता जीवाश्म उद्यान म्हणून राखला आहे. तेथील दगडाला हात लावू नये. इतरत्र काही वेगळे दिसले, तर जागच्या जागी त्याचे छायाचित्र घ्यावे, ठिकाण टिपून ठेवावे आणि जाणकार प्राध्यापकांना दाखवावे. नऊ कोटी वर्षे टिकलेला पुरावा आपल्या एका खिशात संपू नये, एवढेच.